हिवाळ्यातली जंगलवाट: ट्यूब की ट्यूबलेस?

दिवाळीनंतर सह्याद्रीतल्या वाटा सुकतात आणि माउंटन बाईकवाल्यांचा मोसम सुरू होतो. पण पाचोळ्याखाली बाभळी-बोरीचे काटे दडलेले असतात. ते दिसत नाहीत, फक्त 'फुस्स' ऐकू येतं.

ट्यूबचं सुख एकच: पंक्चर झालं तर गावातला सायकलवालाही काढून देतो. मात्र दगडावर आपटून ट्यूब चिमटू नये म्हणून हवा साधारण ३० पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आसपास किंवा वर ठेवावी लागते. मग टणक टायर वाळक्या पानांवर नि सुट्या मुरमावर सटकतो.

ट्यूबलेसचं, म्हणजे आत ट्यूबच नसलेल्या टायरचं, २२ ते २५ पीएसआयवर भागतं (अंगाने भारी असाल तर थोडी जास्त भरा). टायर जमीन धरून चालतो, काटा घुसला तरी आत ओतलेलं सीलंट (भोक बुजवणारा चिकट द्रव) ते बंद करतं. घाईने काटा उपटू नका, तोच बूच असतो! कटकट एवढीच की सीलंट काही महिन्यांत वाळतं. पावसाळ्यापूर्वी भरलेलं डिसेंबरात चालेल या भ्रमात राहू नये. धारदार दगडाने टायरची बाजूच फाटली, तर मात्र सीलंटही हात टेकतं.

मी ट्यूबलेसवालाच. तरी एक ट्यूब सीटखालच्या पिशवीत असतेच.