साध्या मजकुरात गणिताचं सूत्र: की-बोर्डची चिन्हं, युनिकोड की लाटेक?

शिकवणीच्या ग्रुपवर वर्गसमीकरणाचं सूत्र टाकायचंय. वहीचा फोटो काढणं सोपं, पण फोटोतलं सूत्र कुणाला उचलून पुढे वापरता येत नाही. टाइपच करायचं तर तीन वाटा आहेत.

पहिली, की-बोर्डवर आहे तेवढ्यात भागवायचं:

क्ष = (-ब +/- वर्गमूळ(ब^२ - ४*अ*क)) / (२*अ)

दिसायला ओबडधोबड, पण कुठल्याही फोनवर, ईमेलमध्ये जसंच्या तसं पोहोचतं. फक्त कंसांची कंजूषी नको. १/२अ म्हणजे अर्धा अ, की एक भागिले दोन अ? उणे चिन्हही फसवं: -३^२ चं उत्तर एक्सेल ९ देतं, तर पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा (तिथे घातासाठी दोन तारे) -९. काही ॲपमध्ये दोन ताऱ्यांमधला मजकूर ठळक होतो आणि तारेच गायब होतात. तिथे गुणाकाराला × घ्या.

दुसरी वाट युनिकोडची, म्हणजे जगभरच्या अक्षरांना आणि चिन्हांना ठरावीक कोड देणाऱ्या पद्धतीची. √, ±, ≤ आणि सगळी ग्रीक अक्षरं तयार मिळतात. ग्रीक अक्षरांसाठी मी हीच वाट धरेन. मात्र इथे जुळी भावंडं फार. बेरजेचं चिन्ह आणि ग्रीक सिग्मा, मायक्रोचं चिन्ह आणि ग्रीक म्यू दिसायला सारखे, कोड वेगळे. एक शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. औषधाच्या मात्रेत तर म्यू नकोच: घाईत मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम वाचलं गेलं की मात्रा हजारपट. तिथे शब्दच लिहावा. घातांकांवरही माझा भरवसा नाही. काही सॉफ्टवेअर चिन्हांना साधं रूप देताना 5² चं चक्क 52 करून टाकतात. नागरी अंकांना तर असे घातांक नाहीतच. अक्षराच्या डोक्यावर बसणारे नागरी अंक युनिकोडमध्ये आहेत खरे, पण ते सामवेदाच्या स्वरांसाठी!

तिसरी वाट लाटेक, म्हणजे साध्या अक्षरांतल्या आज्ञा लिहून सूत्र छापील रूपात मांडणारी प्रणाली. डोनाल्ड नुथ यांच्या १९७८ च्या टेक या छपाईच्या प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात ती उभारली. छपाई देखणी, विकिपीडियावरची सूत्रंही याच पद्धतीने लिहितात. पण समोरच्या ॲपला ती कळत नसेल, तर उलट्या तिरप्या रेघा आणि महिरपी कंसांचं रान उरतं. चॅटबॉटचं उत्तर व्हॉट्सॲपवर चिकटवल्यावर दिसतं ते हेच. दोघांनाही लाटेक येत असेल तर कच्चं रूपही वाचता येतं. एरवी प्रश्नपत्रिका किंवा प्रबंध छापायचा असेल तरच ते शिकायला बसा. ग्रुपसाठी पहिली वाट आणि जोडीला युनिकोडची ग्रीक अक्षरं एवढं पुरतं.