पेडल स्टीलसाठी दुसरा बार घेताना: जड पोलाद, काच, सिरॅमिक की पॉलिमर?

पेडल स्टील म्हणजे पुढ्यात आडवं ठेवून, तारांवर बार नावाचा दांडा सरकवत आणि पेडलं दाबत वाजवायचं गिटारच्या जातीचं वाद्य. ते घेतलं की सोबत बहुतेक वेळा एकच बार येतो. स्टेनलेस स्टीलचा, एका टोकाला गोळीसारखा गोल, दुसऱ्या टोकाला अंगठा टेकवायला खळगा. काही महिने गेले की वाटू लागतं, यातून आणखी वेगळा आवाज काढता येईल का? हवाईयन गिटारवरून पेडल स्टीलकडे आलेल्यांना तर हे फार लवकर वाटतं, कारण त्यांचे कान मींडेवर तयार झालेले असतात आणि तारेची आस, म्हणजे छेडल्यावर टिकणारा नाद, जरा कमी पडली तरी त्यांना लगेच जाणवते.

माझं मत आधीच सांगतो: बार निवडताना पहिलं पाहायचं ते वजन, मग पृष्ठभाग. ब्रँडचं नाव सगळ्यात शेवटी.

तुलनेसाठी नेहमीचा बार समोर ठेवू: ७/८ इंच व्यास, साधारण सव्वातीन इंच लांबी, वजन २००-२२५ ग्रॅमच्या आसपास. ई-नाइन या नेहमीच्या ट्यूनिंगच्या (तारा सुरात लावण्याच्या पद्धतीच्या) दहा तारांना हा पुरतो. तो तारांवर स्वतःच्या भाराने बसतो, हाताने फक्त दिशा द्यायची. बार जेवढा जड, तेवढी तारेची कंपनं तो कमी गिळतो, म्हणून आस लांबते. बार हलका असला की काही ऊर्जा त्याच्यात आणि पुढे आपल्या बोटांत जिरते, आणि आधी विरतात ते वरचे सूक्ष्म स्वर.

एक इंची पोलादी बार

व्यास जेमतेम एक अष्टमांश इंचाने वाढतो, पण वजन ३०० ग्रॅमच्या घरात जातं. सी-सिक्स नेकवर (सी-सिक्स या दुसऱ्या ट्यूनिंगच्या तारांच्या पट्टीवर), जिथे सगळ्यात खालची तार ०.०७० इंचापर्यंत जाड असते, तिथे हा फरक लगेच ऐकू येतो. खर्ज गोळीबंद लागतो, ‘घों’ करत पसरत नाही. बारा तारांच्या वाद्याला तर मी हाच सुचवेन. ई-नाइनवर मात्र विचार करा. तिथे चपळ फ्रेझेस असतात, गोल टोकाने एकच तार धरून वर जायचं असतं, आणि जाड बार हातात मागे पडतो. व्हायब्राटोही जड होतो. हात लहान असेल तर १५/१६ इंचाचा मधला मार्ग चांगला.

काच

काचेची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. त्याच मापाचा भरीव काचेचा बार हातात घेतला की खेळण्यातला वाटतो, आणि अडचण तिथेच सुरू होते. तो आपण होऊन बसत नाही, दाबावा लागतो. दाबला की बारीक तारा खाली वाकतात आणि सूर चढतो. ई-नाइनची तिसरी तार ०.०११ इंचाची, ती अजिबात क्षमा करत नाही.

तरीही काच मला आवडते. तिचा आवाज मऊ आणि थोडा घशातून आल्यासारखा, पोलादाची धार त्यात नसते. आपल्याकडे हे नवीन नाही. विचित्रवीणेचा बट्टा, म्हणजे तारांवर फिरवायचा गोटा, काचेचाच असतो, आणि दक्षिणेतल्या चित्रवीणेवर एबनी लाकडापासून टेफ्लॉनपर्यंत वेगवेगळे गोटे वापरले गेले आहेत. त्या वाद्यांच्या तारा आणि घडण वेगळी, पण गोटा बदलला की गळा बदलतो हे आपल्या वादकांना पूर्वीपासून माहीत आहे. आलापासारखं संथ काही, दोन-तीन तारांवर, शांत खोलीत रेकॉर्ड करायचं असेल तर काच घ्या. ड्रम्स आणि बेस शेजारी असतील तर नको, ती हरवून जाईल.

झिर्कोनिया सिरॅमिक

माझा कल इकडे आहे. घनता सहाच्या आसपास, म्हणजे वजन पोलादाच्या पाऊण. पृष्ठभाग तारेपेक्षा कठीण आणि विलक्षण गुळगुळीत. ई-नाइनच्या सातव्या ते दहाव्या तारेला वेढे असतात. त्यांवरून पोलाद घसरताना जी खरखर येते ती इथे बरीच कमी होते. हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला हा फरक फार मोठा वाटतो. आस पोलादाच्या जवळ जाते, वरचा भाग किंचित गोल होतो. तारांचे ओरखडे पडत नाहीत.

तोटे दोन. एक म्हणजे किंमत. दुसरा तोटा आपल्या घरातल्या फरशीचा: हातातून निसटून पडला तर टवका उडू शकतो, आणि टवका उडालेला बार तारेवर चालवायचा नाही. घामेजल्या हातात तो निसटतोही लवकर. वाजवताना पायाखाली जाड सतरंजी हवीच.

पॉलिमरचा थर असलेला बार

आत धातू, वर पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचा थर. त्यामुळे वजन टिकतं आणि धार बोथट होते. काचेची ऊब हवी पण तिचा हलकेपणा नको, अशांसाठी हा आहे. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत हाताला पकडही चांगली मिळते. थर पोलादापेक्षा मऊ असतो, तेव्हा ओरखडे पडलेत का ते अधूनमधून नखाने तपासा.

बाजूंना खाचा असलेला स्टीव्हन्स पद्धतीचा बार डोब्रोसाठी (धातूची तबकडी बसवलेल्या गिटारसाठी) उत्तम, पण तो दहाही तारांवर नीट पुरत नाही आणि त्याला गोल टोक नसतं. पेडल स्टीलसाठी सोडून द्या. क्रोमचा मुलामा दिलेला बार चालतो, मुलामा शाबूत असेपर्यंत.

ऐकून ठरवताना

रिव्हर्ब बंद करा आणि व्हॉल्यूम पेडल एका जागी ठेवा. हे महत्त्वाचं आहे, कारण सूर विरताना पाय आपोआप पेडल उघडत जातो आणि हलक्या बारची कमतरता झाकली जाते. आठव्या फ्रेटवर चौथी, पाचवी, सहावी तार छेडा: सी मेजर. तिथून ए आणि बी ही तारांचा सूर चढवणारी पेडलं दाबत तिसऱ्या फ्रेटवर या, पुन्हा सी मेजरच. या प्रवासात सूर कुठे चढतो का, ते ऐका. नंतर तेच सहाव्या, आठव्या आणि दहाव्या तारेवर करा, म्हणजे खरखर कळेल. शेवटी पाचव्या फ्रेटवर दहावी तार एकदाच छेडून सोडा आणि ती पूर्ण विरेपर्यंत थांबा.

नवा बार घेण्याआधी उजवा हात ब्रिजपासून चार बोटं पुढे सरकवून वाजवून पाहा. छेडण्याची जागा बदलल्याने होणारा फरक बऱ्याचदा बारच्या फरकाहून मोठा असतो, आणि त्याला खर्च नाही. एवढं करूनही हवा तो आवाज मिळाला नाही, तर मंचावर सी-सिक्स वाजवणाऱ्याने एक इंची पोलाद घ्यावं, रेकॉर्डिंग करणाऱ्याने सिरॅमिक, रागदारीची ओढ असलेल्याने आधी पॉलिमर आणि मग काच.

बार परदेशातून मागवणार असाल तर व्यास आणि लांबीबरोबर ग्रॅममधलं वजनही विचारून घ्या. भरीव आहे की पोकळ, हे त्यावरूनच कळतं.