ट्रॉम्सो, अबिस्को की आइसलँड? नॉर्दर्न लाइट्सचं तिकीट काढण्याआधी

नॉर्दर्न लाइट्स बघायला जायचं एवढं घरात ठरलं की खरा वाद सुरू होतो तो कुठे जायचं यावर. एकाच्या ऑफिसातले सगळे आइसलँडला जाऊन आलेले असतात. दुसऱ्याने नॉर्वेतल्या ट्रॉम्सोचं पॅकेज बघून ठेवलेलं असतं. स्वीडनमधल्या अबिस्कोचं नाव सहसा कुणी काढत नाही. माझं मत आधीच सांगते: फक्त अरोरासाठी, म्हणजे या नॉर्दर्न लाइट्ससाठी, एवढा खर्च करणार असाल तर अबिस्को. आई-बाबा किंवा मुलं बरोबर असतील तर ट्रॉम्सो. आणि आइसलँडला आइसलँडसाठीच जा. अरोरा दिसला तर ती वरकमाई समजा.

अनेक जण नकाशा काढून जास्त उत्तरेचं ठिकाण कोणतं ते बघतात. त्याचा इथे फारसा उपयोग नाही. सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा झोत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा भरतो, तिथून इलेक्ट्रॉन वेगाने खाली येतात आणि वरच्या विरळ हवेवर आदळतात. साधारण १०० ते १५० किमी उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा उजळतो, २०० किमीच्या वरचा लाल. हा प्रकाश चुंबकीय ध्रुवाभोवती एका कड्यात पडतो. तो ध्रुव भौगोलिक ध्रुवापासून कॅनडाच्या बाजूला सरकलेला आहे, म्हणून ६४ अंशांवरची आइसलँडची राजधानी रेक्याविकसुद्धा कड्याच्या टप्प्यात येते. ट्रॉम्सो ६९ अंशांच्या वर, अबिस्को ६८ च्या वर. तिन्हीकडे अरोरा बहुतेक रात्री डोक्यावर किंवा उत्तरेला असतोच.

म्हणून चुंबकीय वादळाचा जोर सांगणाऱ्या केपी निर्देशांकाच्या मागे लागू नका. हा आकडा ० ते ९ मध्ये मोजतात, आणि ॲपवर २ दिसला की सहलीला आलेल्या मंडळींचे चेहरे पडतात. जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये अरोरा बघायचा तर ७-८ लागतो, ट्रॉम्सो-अबिस्कोला २ पुरतो. शिवाय पक्की खबर येते ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किमीवर असलेल्या उपग्रहांकडून, तीही जेमतेम अर्धा-एक तास आधी. तीन महिने आधी तिकीट काढणाऱ्याच्या हातात त्यातलं काहीच नसतं. हातात असतात दोन गोष्टी: किती रात्री राहायचं, आणि ढग आले तर काय करायचं. तिन्ही ठिकाणांचा खरा फरक त्या ढगांत आहे.

ट्रॉम्सो: ढग आले तर पळा

ट्रॉम्सो आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे ३५० किमी उत्तरेला आहे, तरी जानेवारीचं सरासरी तापमान उणे चारच्या आसपास. उबदार सागरी प्रवाहामुळे बंदर गोठत नाही. त्याच समुद्रामुळे ढगही भरपूर, आणि ओळीने तीन रात्री आभाळ बंद राहणं इथे नवलाचं नाही. हॉटेलच्या खिडकीत बसून अरोरा बघू म्हणणाऱ्यांची इथेच निराशा होते.

यावर ट्रॉम्सोने काढलेला तोडगा म्हणजे चेस, पाठलाग. संध्याकाळी सहा-सातला मिनीबस निघते. गाइडच्या मोबाइलवर उपग्रहाचा ढगांचा नकाशा उघडा असतो आणि वाटेत इतर गाड्यांच्या गाइडशी फोनाफोनी चालू असते: कुठे तारे दिसले, कुठे नाही. किनाऱ्यावर काहीच जमत नसेल तर गाडी थेट फिनलंडमध्ये शिरते. सीमेपलीकडचं किल्पिसयार्वी सुमारे १६० किमीवर आहे आणि तिथे आभाळ बऱ्याचदा मोकळं मिळतं. म्हणून पासपोर्ट खिशात ठेवायला सांगतात. ट्रॉम्सोत उणे तीन असताना तिथे उणे वीस असू शकतं. बसमधून उतरल्यावर पहिली पाच मिनिटं श्वास कसा घ्यायचा तेच कळत नाही. गाइड शेकोटी पेटवतो, गरम चॉकलेट देतो, तिपाई लावून प्रत्येकाचा फोटो काढतो. परत यायला रात्रीचा एक-दोन वाजतो, कधी त्याहून उशीर.

सत्तरीच्या आई-बाबांना हे झेपेल का? झेपतं, कारण बहुतेक वेळ ऊबदार गाडीतच जातो. त्यांना त्रास होतो तो शहरातल्या बर्फाळ फुटपाथवर. बुटांना अडकवायचे खिळ्यांचे पट्टे तिथल्या दुकानांत सहज मिळतात, ते पहिल्याच दिवशी घ्या. दिवसाही करमतं: केबल कार, कुत्र्यांच्या गाड्या, व्हेल बघायच्या बोटी, चार बरी हॉटेलं. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, फक्त बिल बघून भूक मरते. ओस्लोहून विमानाने दोन तासांच्या आत पोचता येतं.

अबिस्को: जागा सोडू नका

अबिस्को स्वीडनमध्ये, टोर्नेट्रास्क नावाच्या सत्तर किमी लांब तळ्याच्या काठी आहे. अटलांटिकवरून येणारे ढग आधी नॉर्वेच्या डोंगरांवर आपटतात आणि तिथेच रिते होतात. महाबळेश्वरला पाऊस कोसळत असताना माण-खटाव कोरडं का राहतं हे ज्याला माहीत आहे, त्याला अबिस्को वेगळं समजवावं लागत नाही. इथे वर्षाला जेमतेम ३०० मिमीच्या आसपास पाऊस-बर्फ मिळून पडतो, आणि चहूकडे ढग असताना तळ्यावर आभाळाचा एक तुकडा मोकळा राहतो. त्याला तिथे ‘निळं भोक’ म्हणतात.

त्यामुळे इथे पाठलाग करावा लागत नाही. जेवून बाहेर पडा, दिव्यांपासून पाच-दहा मिनिटं चाला, तळ्याकडे तोंड करून उभे राहा. सुरुवातीला जे दिसतं त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही: उत्तरेला क्षितिजालगत राखाडी पट्टा, पातळ ढगासारखा. फोन नाइट मोडवर धरला की तोच पट्टा हिरवा निघतो. अंधारात आपल्या डोळ्यांना रंग कमी कळतात, कॅमेऱ्याला तीन सेकंद प्रकाश साठवता येतो. मग कधी अर्ध्या तासाने, कधी दोन तासांनी पट्टा वर सरकतो, त्याला उभ्या सुरकुत्या पडतात आणि पडदा हलायला लागतो. त्या वेळी हिरवा रंग साध्या डोळ्यांनाही दिसतो, खालच्या कडेला नायट्रोजनची गुलाबी रेघ धावते, तळ्यावरचा बर्फ उजळतो. हा जोर दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो. त्यात अर्धा वेळ मोबाइलचं सेटिंग शोधण्यात घालवणारे बरेच असतात. बॅटरी गारठून बंद पडते, म्हणून फोन स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा.

कडाक्याच्या थंडीत आणखी एक गंमत दिसते. हवेतले बर्फाचे चपटे कण रस्त्यावरच्या दिव्यांचा प्रकाश परावर्तित करतात आणि प्रत्येक दिव्यावर प्रकाशाचा उभा खांब उभा राहतो. नवखे त्यालाच अरोरा समजून फोटो पाठवतात. ओळखायची खूण सोपी आहे: खांबाचा रंग खालच्या दिव्याचाच असतो, आणि तो लहरत नाही.

अबिस्कोची दुसरी बाजूही ऐका. हे शंभरेक वस्तीचं गाव आहे. एक किराणा दुकान, मोजकी राहायची ठिकाणं, दिवसा बर्फात चालणं किंवा स्लेज. उणे वीस ही नेहमीची गोष्ट. मुलं दुसऱ्या दिवशी कंटाळतील. पर्यटक निवासात स्वतः रांधायला स्वयंपाकघर मिळतं, तेव्हा थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट सामानात असू द्या. यायला स्टॉकहोमहून किरुनापर्यंत विमान आणि पुढे शंभरेक किमी रस्ता, किंवा स्टॉकहोमहून रात्रीची रेल्वे. किरुनात अर्धा दिवस थांबा: खालच्या लोखंडाच्या खाणीमुळे अख्खं गाव हलवावं लागतंय, आणि १९१२ सालचं लाकडी चर्च ऑगस्ट २०२५ मध्ये चाकांवर चढवून पाच किमी नेलं.

आइसलँड

अरोरासाठी म्हणून मी आइसलँड सुचवणार नाही. हवा तासातासाला बदलते, वारा असा की भाड्याच्या गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरावं लागतं (वाऱ्याने दार उलटं फिरलं तर त्याचा खर्च बहुतेक विम्यात बसत नाही). ढग टाळायला अंतर तोडावं म्हटलं तर हिवाळ्यात रस्ते अचानक बंद होतात. डिसेंबरमध्ये चार-पाच तासच उजेड, म्हणजे धबधबे आणि हिमनद्या बघायला वेळ कमी, आणि सगळे लोक त्यासाठीच तर जातात.

पण दोन गोष्टींत आइसलँड पुढे आहे. तिथल्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर ढगांचा तासवार नकाशा आणि अरोराचा अंदाज एकाच पानावर मिळतो. तो इतका चांगला आहे की गाडी चालवण्याची सवय असलेल्या तरुण जोडप्याला टूरची गरज पडत नाही. आणि अरोरा दिसलाच नाही तरी थिंगवेल्लिर, गेसिर, गुलफॉस, योकुल्सारलॉन ही तिथली नावाजलेली ठिकाणं पाहून झालेली असतात. अबिस्कोहून रिकाम्या हाताने परत येण्यापेक्षा हे बरं. जायचंच तर मार्चअखेर किंवा सप्टेंबरअखेर जा: दिवस-रात्र सारखी, रस्ते बरे.

मग मुरमान्स्क आणि हानले?

रशियातलं मुरमान्स्क खिशाला सगळ्यांत हलकं. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची कागदपत्रं नाहीत. ढग मात्र ट्रॉम्सोसारखेच, आणि आपली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डं तिथे चालत नाहीत; रोकड नेणं आलं. युद्धाच्या बातम्या वाचून झोप उडणार असेल तर नकोच.

हानलेबद्दल हल्ली फार विचारतात. मे २०२४ च्या मोठ्या सौरवादळात लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल झाक टिपली गेली, हे खरं. पण ती उत्तर क्षितिजावरची मंद लाली होती आणि मुख्यतः कॅमेऱ्यातच दिसली. नाचणारे हिरवे पडदे तिथे शोधू नका. हानलेला आकाशगंगेसाठी जा. तशी ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात मुंबईतून अरोरा दिसल्याची नोंद आहे, आणि त्याआधी सप्टेंबर १८५९ चं वादळ कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकमापकांनी पकडलं होतं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, त्यांचा उपकरणांना त्रास नको म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला गेलं. तिथे आजही वादळं मोजतात. बघायला मात्र उत्तरेलाच जावं लागतं.

कधी, आणि किती रात्री

सूर्याचा जोर वाढतो आणि ओसरतो, त्या सध्याच्या चक्राचा कळस ऑक्टोबर २०२४ मध्ये होऊन गेला, म्हणून उशीर झाला असं कुणी म्हणेल. कड्याखालच्या गावांना त्याने फार फरक पडत नाही. उतरत्या काळातही सूर्यावरच्या विवरांमधून वेगवान वारा येत राहतो, आणि तेच विवर साधारण २७ दिवसांनी पुन्हा समोर येतं.

आपल्या सुट्ट्यांची गैरसोय जास्त आहे. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते तेव्हा ट्रॉम्सोत मध्यरात्रीही उजेड असतो, अरोरा दिसणार कुठून? दिवाळीत अमावास्या आयती मिळते, पण ट्रॉम्सोला तेव्हा पाऊस-चिखल आणि बर्फ कमी. नाताळ सगळ्यांत महाग. शाळेची अडचण नसेल तर फेब्रुवारीचा शेवट ते मार्चअखेर हा माझा पहिला पर्याय: भरपूर बर्फ, दिवसा उजेड, आणि विषुवदिनाच्या आसपास चुंबकीय वादळंही जास्त होतात. पूर्ण चंद्र असला तरी बेत मोडू नका, जोरदार अरोरा चांदण्यातही दिसतो.

तीनपेक्षा कमी रात्रींचं पॅकेज घेऊ नका, मग ते कितीही स्वस्त असो. पाच-सहा रात्री काढता येत असतील तर ट्रॉम्सो आणि अबिस्को जोडून करा: ट्रॉम्सो ते नार्विक बसने सुमारे चार तास, नार्विकहून अबिस्को रेल्वेने दोनेक तास, व्हिसा एकच शेंगेन. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. बुकिंगला आधी अबिस्कोच्या खोल्या घ्या. त्या मोजक्याच आहेत आणि मार्चच्या शनिवार-रविवारी पहिल्यांदा संपतात. विमानाची तिकिटं त्यानंतर. तिथल्या न्युल्ला डोंगरावर ९०० मीटर उंचीवरचं अरोरा स्काय स्टेशन मात्र आधीपासून पक्कं करू नका: उघड्या खुर्चीतून वीसेक मिनिटं वर जावं लागतं, आणि वारा वाढला की ती लिफ्ट बंद ठेवतात.