विहिरीवरचे टर्फ आणि आमच्या दुकानाचे नाव: नामहक्काच्या एका कराराचा हिशेब

गेल्या दसऱ्यापासून या दसऱ्यापर्यंत विजापूर रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या एका फुटबॉल टर्फच्या फाटकावर आमच्या चादर-टॉवेलच्या दुकानाचे नाव होते. त्यासाठी मी ७५ हजार रुपये मोजले, निम्मे आगाऊ आणि निम्मे संक्रांतीला. मैदानाला आपले नाव देण्याची ही सेवा सोलापुरात अजून नवी आहे. तरी नवी पेठेतल्या ओळखीच्या दोघा-तिघा व्यापाऱ्यांकडेही अलीकडे मध्यस्थ फाइल घेऊन येऊन गेल्याचे कळले, तेव्हा पैसे मोजून बसलेल्या माणसाचा अनुभव त्यांच्या कामी यावा म्हणून हे लिहितो आहे. टर्फचे अधिकृत नाव मुद्दाम देत नाही. मालकाशी झालेला वाद निम्मा मिटला आहे आणि उरलेलाही मिटावा अशी माझी इच्छा आहे.

करारात कबूल केलेल्या गोष्टी अशा होत्या: फाटकावर वीस फूट बाय चार फुटांचा बोर्ड, दोन्ही गोलांच्या मागे कापडी फलक, मोबाइलवरच्या नकाशात नव्या नावाची नोंद, बुकिंगच्या संदेशात तेच नाव आणि संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास एक स्पर्धा. यांपैकी बुकिंगचे संदेश वर्षभर बिनचूक गेले, त्याबद्दल तक्रार नाही. स्पर्धा झाली, पण सोळा संघांच्या जागी सहाच आले आणि दुपारी दोनला सगळे आटोपले. कापडी फलक बरे होते.

बोर्डाविषयी मात्र सविस्तर लिहावे लागेल. करारात नुसता ‘बोर्ड’ असा शब्द होता. मी तो पत्र्याचा समजलो आणि प्रत्यक्षात फ्लेक्स आला. आपल्याकडे मार्च लागला की ऊन कसे तापते हे सोलापूरकरांना सांगायला नको. रंगपंचमीपर्यंत लाल अक्षरांचे गुलाबी झाले आणि मे महिन्यात तर आमचे आडनाव जवळ गेल्याशिवाय वाचता येईना. आमच्या धंद्यात चादरीचा रंग पक्का आहे की नाही हे पाहायला पांढऱ्या कापडाची ओली चिंधी कोपऱ्यावर घासतात आणि चिंधीवर रंग उतरला तर माल परत जातो. पक्क्या रंगाची हमी देऊन चाळीस वर्षे चादरी विकणाऱ्या दुकानाचे नावच असे विटलेले पाहून एका जुन्या गिऱ्हाइकाने गल्ल्यावर येऊन विचारले, “शेठ, ह्यो पण तुमचाच माल का ओ?” त्या दिवशी मी मालकाला फोन केला. त्यांनी फ्लेक्स बदलून दिला, पण सहा आठवड्यांनी आणि छपाईचे पैसे माझ्याकडून घेऊन.

इथवरच्या तक्रारी कोणत्याही जाहिरातीच्या कामात होतात तशाच आहेत. या सेवेचा खरा दोष मला वेगळ्याच ठिकाणी सापडला आणि तो मध्यस्थाच्या फाइलमध्ये कुठेच नव्हता. जागेच्या कोपऱ्यात जुनी दगडी विहीर आहे. आता तिच्यावर लोखंडी जाळी आहे, पण जाळीला एका बाजूला पोहरा सोडण्यापुरती फट ठेवलेली आहे आणि आठवड्यातून एखादा चेंडू नेमका त्याच फटीतून आत जातो. मग खेळ थांबतो, दोन मुले दोर धरतात, एक जण पालथा पडून पोहऱ्याने चेंडूखाली पाणी हलवत त्याला कडेला आणतो आणि चेंडू वर आला की गोल झाल्यासारखा आरडाओरडा होतो. टर्फचे हिरवे गवत अंथरण्याच्या आधीपासून, तिथे नुसते मोकळे रान असतानाही, मुले त्या जागेला ‘विहिरीवर’ म्हणत. मालकाने दिलेले पहिले नाव कोणी घेत नव्हते आणि मी विकत घेतलेले दुसरे नावही कोणी घेतले नाही. नकाशातली नोंद बदलून दीड महिना झाला नसेल, तोच कोणी कोणी दुरुस्त्या सुचवून तिथे पुन्हा ‘विहीर टर्फ’ करून टाकले. त्यात माझ्या सख्ख्या भाच्याचाही हात होता हे मला दिवाळीनंतर समजले.

भाचा आणि त्याचे मित्र युरोपातल्या क्लबांचे कट्टर चाहते आहेत. रात्री दीड वाजता जागून सामने पाहतात आणि सकाळी कॉलेजला डुलक्या घेतात. त्यांच्या अंगावरच्या जर्सींवर छातीभर विमान कंपन्यांची नावे असतात. मी एका रविवारी त्यांना विचारले की, परक्या देशातल्या विमान कंपनीचे नाव छातीवर मिरवता तेव्हा काही वाटत नाही आणि आपल्या गावातल्या दुकानाचे नाव फाटकावर आले की एवढे का खुपते? त्यातला एक गोलकीपर मुलगा हातमोजे काढत म्हणाला, “काका, जर्सी दरसाल बदलती. विहीर कुठं बदलती ओ?” मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर भाच्याला समोर बसवून या विषयातली माहिती काढत गेलो आणि हा करार करण्याआधी ती काढायला हवी होती, असे आज वाटते.

जगभरच्या फुटबॉल चाहत्यांची या सौद्यावरची प्रतिक्रिया सरसकट एकच नसते. नव्या बांधलेल्या मैदानाला पहिल्या दिवसापासून कंपनीचे नाव दिले तर चाहते कुरकुर करून ते स्वीकारतात. लंडनचा आर्सेनल क्लब २००६ मध्ये हायबरी हे जुने मैदान सोडून नव्या मैदानावर गेला तेव्हा त्याला एमिरेट्स या विमान कंपनीचे नाव दिलेले होते. बांधकामाचा खर्च प्रचंड होता, तो कुठून तरी उभा करायचा होता, हे चाहत्यांनाही दिसत होते, आणि आज भाच्यासारखी मुले ते नाव सहज घेतात. विमा कंपनीचे नाव असलेल्या म्युनिकच्या आलियान्झ अरेनाचे २००५ पासून असेच आहे. इंग्लंडातल्या लेस्टरची गोष्ट मला अधिक आवडली. तिथे २००२ मध्ये नवे मैदान झाले आणि गावातल्याच वेफर्स करणाऱ्या वॉकर्स कंपनीने नाव घेतले, पण आधी ठरलेले ‘वॉकर्स बोल’ हे नाव चाहत्यांना रुचले नाही आणि त्यांच्या आग्रहावरून ते ‘वॉकर्स स्टेडियम’ करण्यात आले. कंपनी गावची असेल आणि चाहत्यांचे चार शब्द ऐकून घेत असेल, तर कटुता पुष्कळ कमी होते.

जुन्या मैदानाचे नाव पुसून नवे लिहिले की मात्र भडका उडतो. इंग्लंडातला न्यूकॅसलचा क्लब १८९२ पासून सेंट जेम्स पार्कवर खेळतो. २०११ च्या नोव्हेंबरात तेव्हाचे मालक माइक अ‍ॅशली यांनी आपल्याच खेळ-साहित्याच्या कंपनीचे नाव देऊन त्याचे ‘स्पोर्ट्स डायरेक्ट अरेना’ केले. चाहत्यांनी ते नाव तोंडी घेतलेच नाही. वर्षभराच्या आत, २०१२ च्या ऑक्टोबरात, वोंगा या कर्ज देणाऱ्या कंपनीने क्लबशी प्रायोजकत्वाचा करार केला, मैदानाच्या नावाचे हक्कही घेतले आणि जुने नाव परत देऊन टाकले. त्या कंपनीच्या व्याजदरांवरून तिकडे पुष्कळ टीका होत असे आणि ती रास्तही होती. तरीही सावकारी करणाऱ्याला जे उमगले ते मैदानाच्या मालकाला उमगले नाही, याची मला व्यापारी म्हणून गंमत वाटते.

जर्मनीत हॅम्बुर्गच्या फोल्क्सपार्क स्टेडियमला २००१ नंतर चौदा वर्षांत एका इंटरनेट कंपनीचे, मग एका बँकेचे आणि मग एका अभियांत्रिकी कंपनीचे अशी तीन नावे लागली. २०१५ मध्ये क्लाउस-मिशाएल क्यूने या उद्योगपतींनी हक्क विकत घेऊन मूळ नाव पुन्हा लावले. न्युरेंबर्गच्या चाहत्यांना आपल्या मैदानाला माक्स मोरलॉक यांचे नाव हवे होते. मोरलॉक हे १९५४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या पश्चिम जर्मनीच्या संघातले खेळाडू आणि अंतिम सामन्यात संघाचा पहिला गोल त्यांचाच. २०१७ मध्ये एका बँकेने हक्क घेतले, चाहत्यांनीही वर्गणी काढून भर घातली आणि मैदानाला मोरलॉक यांचे नाव लागले. गणपतीची वर्गणी काढणाऱ्या आपल्या मंडळांना हा प्रकार लगेच कळेल.

या सगळ्यात विकत घेणाऱ्याने ध्यानात घ्यावी अशी आणखी एक बाब आहे. एवढे कोट्यवधी मोजूनही ते नाव सगळीकडे चालत नाही. युरोपीय फुटबॉल संघटनेच्या स्पर्धांत आलियान्झ अरेनाचे ‘म्युनिक फुटबॉल अरेना’ होते आणि मँचेस्टरचे, विमान कंपनीचे नाव असलेले एतिहाद स्टेडियम ‘सिटी ऑफ मँचेस्टर स्टेडियम’ होते, कारण संघटनेचे स्वतःचे प्रायोजक वेगळे असतात. २०२६ च्या विश्वचषकासाठी फिफानेही अमेरिकेतल्या मैदानांवरची कंपन्यांची नावे बाजूला ठेवून त्यांना शहरांची नावे दिली. माझ्या कराराच्या बाबतीतही हेच घडले. फेब्रुवारीत एका शाळेने आपली आंतरशालेय स्पर्धा तिथे घेतली आणि तीन दिवस आमच्या फाटकावरच्या नावावर शाळेचा फलक टांगला. मी विचारले तेव्हा करारात तसे कलम नसल्याचे मालकांनी दाखवले, आणि खरेच नव्हते.

खरे म्हणजे मला हे सोलापुरात बसून आधीच उमजायला हवे होते. धर्मवीर संभाजी तलाव म्हणून रिक्षावाल्याला सांगा, तो क्षणभर थांबेल. कंबर तलाव म्हणा, तो मीटरही न पाहता निघेल. इंदिरा गांधी स्टेडियमला रणजी सामना पाहायला जाणारा माणूस घरात ‘पार्कवर चाललो’ एवढेच सांगून बाहेर पडतो. जुनी मिल बंद पडून किती दशके लोटली, तरी पत्ता सांगताना ती अजून चालूच आहे. आदराने दिलेली नावे ज्या गावात तोंडी बसायला पिढी-दीड पिढी घेतात, तिथे ७५ हजारांत बारा महिन्यांसाठी घेतलेले नाव लोकांनी उचलावे ही अपेक्षा माझीच चुकीची होती. त्याचा दोष टर्फच्या मालकावर ढकलणे बरोबर होणार नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर बदललेला फ्लेक्सही फाटला तेव्हा मी न्यूकॅसलचा दाखला मनात धरून मालकांपुढे एक प्रस्ताव ठेवला. फाटकावर मोठ्या अक्षरांत ‘विहीर टर्फ’ लिहावे आणि त्याखाली एका ओळीत आमच्या दुकानाचे नाव आणि पेठ टाकावी, एवढेच माझे म्हणणे होते. मालक आधी नाराज झाले, कारण त्यांना स्वतः ठेवलेल्या पहिल्या नावाचा अजून लोभ होता. शेवटी पत्र्याचा बोर्ड करायचा आणि खर्च निम्मा निम्मा वाटून घ्यायचा असे ठरले. माझ्या वाट्याचे पैसे मी त्याच आठवड्यात दिले. त्यांच्या वाट्यासाठी बोर्ड करणारा पेंटर मलाच फोन करत राहिला, आणि वर म्हटलेला अर्धा वाद तो हाच. बोर्ड लागला त्या संध्याकाळी मुलांनी त्याच्याखाली उभे राहून फोटो काढले. आधीच्या आठ महिन्यांत आमच्या नावाखाली एकानेही फोटो काढला नव्हता.

आता सेवेची किंमत ठरवायची झाली, तर पाचपैकी अडीच गुण देईन. पैसे वसूल झाले नाहीत. टर्फचे नाव ऐकून दुकानात आलो असे सांगणारे गिऱ्हाईक वर्षभरात मला आठवते त्याप्रमाणे तिघे किंवा चौघे, त्यातला एक पत्ता विचारायला आला होता. ज्यांना असा करार करायचाच आहे त्यांनी बोर्ड पत्र्याचा की फ्लेक्सचा हे लिहून घ्यावे, दुसऱ्या कोणाची स्पर्धा असताना नाव झाकले जाणार का हे विचारावे आणि मैदान नवे असेल तरच आपले नाव वर लावण्याचा आग्रह धरावा. जागेला आधीच लोकांनी नाव दिले असेल, तर त्या नावाच्या खालची ओळ स्वस्तात मागावी. ३० हजारांच्या वर देऊ नये. त्याही आधी एखाद्या रविवारी संध्याकाळी तिथे जाऊन, मुले फोनवर एकमेकांना कुठे बोलावतात ते कान देऊन ऐकावे. हे काम फुकट होते आणि मी ते केले नाही.

या दसऱ्याला मी करार पुढे वाढवला नाही. मालकांनी पत्र्याचा बोर्ड अजून काढलेला नाही, बहुधा नवा प्रायोजक मिळेपर्यंत काढणारही नाहीत. मागच्या आठवड्यात तो गोलकीपर आणि त्याचे दोन मित्र दुकानात आले आणि संघासाठी सोळा नॅपकिन हवेत म्हणाले, त्यावर नाव घालून. मी विचारले, छापून देऊ की विणून? छापील नाव दहा-बारा धुण्यांत जाते आणि विणलेले महाग पडते, हेही सांगितले. तिघांनी बाहेर पायरीवर जाऊन पैसे मोजले, आत येऊन विणूनच द्या म्हणाले आणि माझ्या वहीत ‘विहीर’ असे स्वच्छ अक्षरात लिहून दिले. दुकानाचे नाव खाली बारीक घालू का, असे मी विचारून पाहिले. “नको काका,” तो म्हणाला, “त्याचे पैसे वाढतील ना ओ.” माल बुधवारी मागावर चढतो आहे.