सतरा इंची चाकांसाठी टायर: म्हापशातील एका दुकानाचा अनुभव

म्हापशातील ज्या दुकानातून मी फोक्सवॅगनच्या पोलो जीटी मोटारीसाठी सतरा इंची अलॉय चाके घेतली, तेथील विक्रेत्याने पहिल्याच दमात २२५/४५ मापाचे टायर सुचवले (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत). रुंद टायर ऐटदार दिसतो, एवढेच त्याचे कारण होते. गाडीवर मुळात १९५/५५ आर १६, म्हणजे सोळा इंची रिमचे, टायर होते; टायरसह चाकाचा एकूण व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर. सुचवलेल्या टायरचा व्यास ६३४ भरतो. त्यामुळे स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा दोन टक्के कमी वेग दाखवणार, हे उघड होते. शिवाय एक चाक बसवून स्टिअरिंग पूर्ण वळवताच मडगार्डच्या आतील प्लॅस्टिकला रबर घासल्याचा खरखर आवाज आला.

मी कागदावर मांडलेला हिशेब वयस्कर कारागिराने मात्र शांतपणे तपासला आणि २१५/४५ काढून दिला: व्यास ६२५, फरक एक टक्क्याहून कमी, सात इंच रुंदीच्या रिमला साजेसा, भारांक ९१, म्हणजे एक टायर ६१५ किलो भार पेलू शकतो. असा माणूस काउंटरवर हवा. फिटिंग आणि बॅलन्सिंग चोख झाले.

चोर्ला घाटातील वळणांवर गाडी आता अधिक घट्ट बसते. परंतु टायरची बाजूची भिंत १०७ वरून ९७ मिलिमीटरवर आल्याने पावसाळ्यात पर्वरीच्या खड्ड्यांतील प्रत्येक दणका थेट पाठीला कळतो. बिलावर २२५ असेच माप छापले होते. वॉरंटीसाठी ते दुरुस्त करून घ्यायला दुसरा हेलपाटा पडला.