आठ महिन्यांनंतर: बिग स्टारचा ‘नंबर वन रेकॉर्ड’

अमेरिकेतल्या मेम्फिसच्या बिग स्टार या रॉक चौकडीचा हा पहिला अल्बम, १९७२ सालचा. बारा गाणी, साधारण ३७ मिनिटं. आठ महिने आठवड्यातून तीन-चारदा ऐकल्यावर आणि सोबत गिटार वाजवल्यावर एवढं नक्की म्हणता येतं की पहिल्या खेपेला तो नुसता गोड वाटतो, आणि बहुतेक जण त्याला तिथेच सोडतात. खरा माल खालच्या थरात आहे: दुसऱ्या गिटारीत आणि मागच्या आवाजांत.

म्हणून ऐकायचं कशावर, हे आधी. फोनचा स्पीकर नको. इंदुरात पलासियाहून राजवाड्याकडे गाडीवर जाताना तर मुळीच नको, हॉर्नच्या गदारोळात मुख्य गळा तेवढा उरतो. वायरचा साधा हेडफोन घ्या आणि बेस बूस्ट बंद करा. ध्वनिमुद्रण जॉन फ्राय यांचं, त्यांच्याच आर्डेंट स्टुडिओत झालेलं. तारांची लख्ख चमक ही त्याची खूण आणि बेस फुगवला की आधी तीच झाकते.

‘थर्टीन’ला ड्रम नाहीत. अडीच मिनिटांचं हे गाणं शिकताना हमखास चूक होते ती पिकने, म्हणजे तार छेडायच्या चपट्या तुकड्याने, झोडपण्याची. अंगठा जाड तारांवर आणि तीन बोटं बारीक तारांवर ठेवा. वेग मूळच्या ७० टक्क्यांवर आणून अंगठा आधी एकटा बसवा. तारांचा .०११ चा (सर्वांत बारीक तारेची इंचातली जाडी) सेट पुरे, .०१२ भरदार वाजतो पण नवख्याची बोटं सोलवटतात. इंदूरची हवाही मध्ये येते. एप्रिल-मेच्या कोरड्यात लाकूड आकसतं, तारा खाली येऊन फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, खरखरतात. पावसाळ्यात ते फुगतं, तारा वर उचलल्या जातात आणि बॅरे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या धरायचा) दाबताना मनगट भरून येतं. दोष हाताला देण्याआधी गिटारीची नेक (मान) तपासा.

‘द बॅलड ऑफ एल गुडो’च्या ध्रुवपदातली हार्मनी आपल्या कानांना जड जाते, कारण आपण एका सुरावळीवर वाढलो. पेटीवर सा आणि ग एकत्र दाबून बघा, मग रे आणि म: दोन गळ्यांची अशी जोडीची चाल कानात बसवायची. खालची ओळ फोनवर रेकॉर्ड करून वरची गा. शास्त्रीय शिकलेल्या मुलांचं बिनसतं ते मींडमुळे; एक गळा घसरत आला आणि दुसरा थेट उतरला की जोड फाटते. इथे दोघांनी सरळ सुरावरच उतरायचं.

इतका चांगला अल्बम विक्रीत का पडला? वितरण स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीकडे होतं. सोल संगीतात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण ही रेकॉर्ड दुकानांत नीट पोचलीच नाही. समीक्षकांनी वाखाणलेली वस्तू विकत मिळेना. बँडचा गायक-गिटारवादक ख्रिस बेल त्याच वर्षी बँडमधून बाहेर पडला आणि १९७८ मध्ये, २७ व्या वर्षी, मोटार अपघातात गेला. दुसरा गायक-गिटारवादक अ‍ॅलेक्स चिल्टन याने तर सोळाव्या वर्षीच, आधीच्या बँडमध्ये, ‘द लेटर’ हे गाणं गाऊन अमेरिकेत पहिला क्रमांक पाहिला होता. अल्बमच्या नावातला ‘नंबर वन’ त्यामुळे जास्तच बोचतो.

उणिवा आहेत. ‘द इंडिया साँग’ बँडचा बेसवादक अँडी हमेलचं: जंगलातला पांढरा बंगला, हातात जिन, आणि हा म्हणे हिंदुस्थान! महूच्या छावणीतले जुने बंगले पाहिलेल्याला हसू आवरणार नाही. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला शेवटाकडे तीन संथ गाणी लागोपाठ येतात, तिथे गती बसते. त्यातलं बेलचं ‘ट्राय अगेन’ मात्र वगळू नका, प्रार्थनेच्या वळणाचं आहे.

सहाव्या गाण्यानंतर मिनिटभर थांबा, मूळ तबकडी तिथे उलटायची होती. शेवटचं ‘एसटी १००/६’ जेमतेम मिनिटभराचं आहे. ‘रेडिओ सिटी’ या त्यांच्या दुसऱ्या अल्बमसोबतची एकत्र सीडी असेल तर तिथेच बटण दाबा, नाहीतर त्यातलं पहिलं गाणं ‘ओ माय सोल’ दणक्यात सुरू होतं.