चिंताविकारावर व्हिडिओ कॉलवरून घेतलेले उपचार : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

२०२० मध्ये कोविडची साथ पसरली, तेव्हा चिंताविकार माझ्या मागे आधीपासूनच लागलेला होता. छातीत धडधडू लागले, श्वास अपुरा वाटला की हा भीतीचा झटका आहे की संसर्ग, हेच उमगत नसे आणि मी दिवसातून वीस-पंचवीस वेळा बोटाला ऑक्सिमीटर लावत असे. ९७ हा आकडा दिसला की जीव भांड्यात पडे. परंतु ते समाधान दहा मिनिटेही टिकत नसे.

प्रत्यक्ष भेटी बंद असल्याने सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन या दोहोंवर काम करणारे उपचार, मी व्हिडिओ कॉलवरून घेतले. साथीत भीती निराधार नव्हती, त्यामुळे ‘घाबरू नका’ या सल्ल्याचा काहीच उपयोग नव्हता. माझ्या समुपदेशक बाईंनी काळजी आणि चिंता यांच्यात नेमकी रेघ ओढून दिली : किमान २० सेकंद हात धुणे ही काळजी, त्यानंतर पुन्हा नळाकडे वळणे ही चिंता. ऑक्सिमीटर कपाटात गेला. ताप किंवा खोकला असेल तरच तो काढायचा असे ठरले. पहिले चार दिवस फार जड गेले.

सर्वांत उपयोगी पडला तो स्ट्रॉचा सराव. नाक चिमटीत धरून, बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घ्यायचा, म्हणजे ज्या घुसमटीची धास्ती वाटते ती मुद्दाम अंगावर घ्यायची आणि ती आपोआप ओसरताना पाहायची. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी हा सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. सोबत एसएसआरआय या, नैराश्य आणि चिंतेवर दिल्या जाणाऱ्या औषधांच्या गटातील गोळीही होती; तिचा गुण यायला काही आठवडे लागले आणि सुरुवातीला अस्वस्थता उलट वाढली, हे मला आधी सांगितले गेले नसते तर मी ती नक्कीच सोडली असती.

चिंतेची तीव्रता मोजणाऱ्या जीएडी-७ या सात प्रश्नांच्या चाचणीत माझे गुण २१ पैकी १६ होते, आता ६ आहेत.

उणिवाही आहेत. घरात माणसे असताना दाराआड दबक्या आवाजात मन मोकळे करणे अवघड जाते. शिवाय गर्दीत जाण्याचा सराव निर्बंधांमुळे लांबणीवर पडला आणि माझ्या घराबाहेर न पडण्याला शहाणपणाचे नाव मिळाले. तो सराव आता मास्क लावून, बसच्या एकेका थांब्याने सुरू केला आहे; सध्या तिसऱ्या थांब्यापर्यंत जाते.